एका इंजिनाच्या मृत्यूची कारणमीमांसा

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकात मोटारीच्या इंजिनावरचा लेख, आणि तोही इतिहासाच्या अध्यापकाच्या नावाने, हे पाहून पुष्कळ विद्यार्थी बुचकळ्यात पडतील. सरांनी आता वर्ग सोडून गॅरेज काढले की काय, असेही कोणी म्हणेल. परंतु बी.ए.च्या वर्गाला '१८५७ च्या उठावाची कारणे' शिकविताना फळ्याच्या एका बाजूस 'मूलभूत कारणे' आणि दुसऱ्या बाजूस 'तात्कालिक कारण' असे मी वर्षानुवर्षे लिहीत आलो, त्यातला भेद मला खऱ्या अर्थाने कळला तो एका मोडक्या इंजिनापुढे उभा राहिल्यावर. ते इंजिन मोडण्यात माझाही हात होता. म्हणून हा खटाटोप.

२०१९ च्या सप्टेंबरात अभ्यासरजा घेऊन मी इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे गेलो. तेथील वॉरिक विद्यापीठात 'मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटर' नावाचा दप्तरखाना आहे. ब्रिटिश कामगार संघटनांची कागदपत्रे तेथे जतन केलेली आहेत. दिवसा ती वाचावयाची आणि मुक्काम धाकट्या काकांकडे करावयाचा, असा बेत होता. काका मूळचे कोल्हापूरचे. शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात हात काळे करून १९६८ साली ते विलायतेस गेले आणि यंत्रे बनविणाऱ्या एका कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झाले. काकू २०१६ मध्ये वारल्या. घरात काका एकटे, आणि गॅरेजात त्यांची मोटार.

ती मोटार म्हणजे १९७३ सालची ट्रायम्फ स्टॅग. कॉव्हेंट्रीच्या कॅनली भागातल्या कारखान्यात, काकांच्या घरापासून तीन मैलांवर, ती जन्मली. चार माणसांची, उघड्या टपाची, इटालियन रेखनकार जोव्हानी मिकेलोत्ती याने आखलेली ही गाडी जून १९७० मध्ये बाजारात आली. आठ सिलिंडरांचे, व्ही आकाराचे, २,९९७ घनसेंटिमीटरचे इंजिन, १४५ अश्वशक्ती आणि ताशी ११५ मैलांच्या पुढचा वेग, हे त्या काळी लहान काम नव्हते. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर' या चित्रपटात जेम्स बाँडला हीच गाडी चालवावयास दिली आहे. मात्र काकांनी १९९४ साली ती विकत घेतली तेव्हा तिच्यात तिचे मूळचे इंजिन नव्हतेच. आधीच्या कोणा मालकाने ते काढून टाकून त्या जागी रोव्हर कंपनीचे साडेतीन लिटरचे व्ही-८ इंजिन बसविले होते. काका पंचवीस वर्षे ते चालवीत होते.

२७ ऑक्टोबर २०१९, रविवार, लक्ष्मीपूजन. लेस्टर शहरातल्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीची रोषणाई असते, ती पाहावयास आम्ही एम ६९ या महामार्गाने निघालो. काकांची नजर अलीकडे अधू झाल्यामुळे अंधारात घड्याळे वाचण्याचे काम माझ्याकडे होते. वाटेत तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर चढू लागला. काका म्हणाले, "बघ की जरा, काय म्हणतोय काटा?" मी म्हणालो, "वर गेलाय थोडा." मग काही क्षणांतच तो झपाट्याने खाली आला, आणि मी मोठ्या समाधानाने सांगितले, "काका, उतरला. चला आता." आम्ही आणखी सहा-सात मैल गेलो. त्यानंतर इंजिनातून खडखडाट, मग मागे पांढरा धूर, आणि मग काहीच नाही. रोषणाई राहिली बाजूला. थंडीत रस्त्याकडेला उभे राहून आम्ही गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकची वाट पाहिली.

काटा का उतरला? याचे उत्तर काकांनी दुसऱ्या दिवशी होज पाइप हातात धरून दिले. पाइप क्लिपच्या कडेला उभा चिरला होता आणि सारे पाणी रस्त्यावर गेले होते. तापमान मोजणारा दर्शक इंजिनातल्या पाण्यात बुडालेला असतो. तो पाण्याचे तापमान सांगतो, लोखंडाचे नव्हे. पाणीच नाहीसे झाले की तो हवेत लोंबकळतो आणि काटा खाली येतो. म्हणजे इंजिन जळत असताना साक्षीदार 'सर्व ठीक' म्हणत होता, आणि मी त्याची साक्ष तपासून न घेता पुढे पोहोचवीत होतो. साधनचिकित्सेवर मी तास घेतो, हे येथे सांगावयास मला लाज वाटते. काका रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "काटा खाली येतो तेव्हा जास्त भ्यायचं असतं, बाळा." ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यानंतर फेब्रुवारीपर्यंतचा प्रत्येक रविवार मी त्या गॅरेजात घालविला.

आता थोडे मागे गेले पाहिजे, कारण या गाडीचे मूळ इंजिन हा मोटारींच्या इतिहासातला एक गाजलेला खटला आहे. ट्रायम्फ कंपनी १९६१ मध्ये लेलँडच्या ताब्यात आली. रोव्हर १९६७ मध्ये आली. १९६८ मध्ये आणखी विलीनीकरण होऊन 'ब्रिटिश लेलँड' हा अवाढव्य संसार उभा राहिला. रोव्हरकडे एक तयार व्ही-८ इंजिन होते. मुळात ते अमेरिकेतल्या ब्यूक कंपनीचे, संपूर्ण ॲल्युमिनियमचे. १९६१ ते ६३ एवढेच तेथे चालले. त्याचे हक्क रोव्हरने १९६५ मध्ये घेतले आणि १९६७ पासून आपल्या गाड्यांत ते बसविले. म्हणजे स्टॅग बाजारात येण्याआधी एकाच छपराखाली दोन व्ही-८ इंजिने होती. एक कसाला लागलेले आणि एक नवे. ट्रायम्फच्या अभियंत्यांनी स्वतःचेच धरून ठेवले. रोव्हरचे इंजिन स्टॅगच्या बॉनेटखाली बसत नाही, असे ट्रायम्फच्या बाजूने सांगितले जाई. पुढे शेकडो मालकांनी ते आपापल्या गॅरेजात बसवून दाखविले, हा भाग निराळा! अर्थात रोव्हरला स्वतःच्याच गाड्यांसाठी इंजिने पुरत नव्हती, हेही तितकेच खरे. एकत्र कुटुंबात दोन चुली कशा राहतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ब्रिटिश लेलँडचा इतिहास वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ट्रायम्फचे इंजिन कल्पनेत वाईट नव्हते. त्याच घराण्यातले चार सिलिंडरांचे तिरपे इंजिन स्वीडनच्या साब कंपनीने १९६८ पासून आपल्या '९९' या गाडीत वापरले. स्टॅगचे इंजिन म्हणजे ढोबळमानाने तशी दोन इंजिने एकत्र जोडलेली. परंतु त्याचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. हे दोन धातू एकाच पाण्यात भिजत राहिले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक झीज सुरू होते. ती थांबवावयाची तर पाण्यात गंजरोधक मिसळलेले अँटिफ्रीझ बाराही महिने हवे. इंग्रज मालकांची सवय मात्र अशी, की हिवाळा आला की अँटिफ्रीझ घालावयाचे आणि उन्हाळ्यात साधे पाणी. त्यातून गंज आणि गाळ तयार होई. ओतकामाच्या साच्यातली वाळू ब्लॉकच्या पोटात काही वेळा राहून जाई, तिची भर त्यात पडे. कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना फौंड्रीचे वेगळे सांगावयास नको; कास्टिंगच्या आतली वाळू काढणे हे किती चिकाटीचे काम आहे ते त्यांनी पाहिले असेल. हा सगळा गाळ अखेर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसे. त्यातच पाण्याचा पंप इंजिनाच्या वरच्या अंगाला, व्हीच्या खोबणीत. पाणी थोडे कमी झाले की सर्वांत आधी कोरडा पडावयाचा तो पंपच. मग हेड वाकणार आणि गॅस्केट जाणार. टायमिंगच्या लांबलचक साखळ्याही सैल पडत, त्या वेळेवर बदलल्या नाहीत तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत. गाडीचे नाव इतके खराब झाले की अमेरिकेतली विक्री १९७३ मध्येच थांबली. १९७७ मध्ये उत्पादन बंद होईतो सुमारे २६ हजार स्टॅग तयार झाल्या होत्या. दरम्यान मालकांनी आपापला निकाल देऊन टाकला होता: हे इंजिन फेका, रोव्हरचे घाला.

काकांच्या गाडीचे इंजिन आम्ही बाहेर काढले ते नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी. बॉनेट उतरविले, रेडिएटर काढला, कार्ब्युरेटर, तारा, सायलेन्सरचे पाइप सोडविले, गिअरबॉक्सखाली जॅक लावला आणि भाड्याने आणलेल्या क्रेनने इंजिन उचलले. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखी साय जमली होती. पाणी तेलात उतरल्याची ती खूण. डाव्या बाजूचे हेड उघडले तो तीन आणि पाच नंबरच्या सिलिंडरांमधले गॅस्केट जळून गेलेले. काकांनी हेडवर पोलादी पट्टी आडवी धरली आणि खालून उजेड दिसू लागला, इतके ते वाकले होते. बेअरिंगांचा तर चोथा झाला होता.

माझ्या लेखी तपास येथेच संपला. होज फुटला, काटा उतरला, पुतण्या मूर्ख निघाला, इंजिन मेले. परंतु काकांनी रेडिएटर फिरवून पाहिला, हातात तोलला, आणि म्हणाले, "हा इतका जड कसा?" करवतीने त्याची खालची बाजू त्यांनी कापली. खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या नळ्या तांबूस चिखलाने पार बुजल्या होत्या. काकांनी तो चिखल बोटांवर घेतला, माझ्यापुढे धरला आणि विचारले, "हे काय आहे?"

"गंज," मी म्हणालो.

"कशाचा?"

"लोखंडाचा."

"आणि रोव्हरच्या इंजिनाचा ब्लॉक कशाचा आहे?"

ॲल्युमिनियमचा! ज्या इंजिनात पाण्याला बीड लागतच नाही, त्या इंजिनाच्या रेडिएटरात मूठभर लोखंडाचा गंज आला कोठून? एकच उत्तर संभवते. तो पहिल्या, ट्रायम्फच्या इंजिनाचा होता. ज्याने कोणी इंजिन बदलले त्याने रेडिएटर तोच ठेवला. मेलेल्याचा रोग खोलीत तसाच राहिला आणि नवा भाडेकरू त्याच अंथरुणावर निजला. काकांच्या लक्षात आले, की गाडी उन्हाळ्यात नेहमी थोडी गरम चाले आणि 'रोव्हरचा स्वभावच तसा' म्हणून त्यांनी ते सोडून दिले होते. गरम पाणी, चढा दाब, आणि पंचवीस वर्षे तो सोसणारे रबर. होज कोठे तरी, कधी तरी फुटणारच होता. काडतुसांना चरबी लावली नसती तर १८५७ घडलेच नसते काय, असा प्रश्न मी परीक्षेत घालतो. आता त्याची उत्तरे तपासताना मला तो चिखल आठवतो. यातून माझी चूक लहान होत नाही, हेही लिहून ठेवतो. रेडिएटर बुजलेला असला तरी काटा उतरताच गाडी थांबविली असती तर इंजिन वाचले असते.

यानंतर मात्र आमच्यात खरा वाद झाला. नवे इंजिन कोणते घालावयाचे? मी पडलो इतिहासाचा माणूस. मी म्हणालो, "काका, मूळ इंजिनावर अन्याय झाला आहे. दोष निगेचा होता. आता कारण सापडले आहे, नवा रेडिएटर घालू, बाराही महिने अँटिफ्रीझ ठेवू. मग ट्रायम्फचेच इंजिन परत आणू. गाडी पुन्हा खरी होईल." यात नुसता भावनेचा भाग नव्हता. १९७९ साली स्थापन झालेला स्टॅगमालकांचा क्लब आहे, सुटे भाग मिळतात, आणि मूळ इंजिन असलेल्या गाडीलाच आता अधिक भाव येतो. एके काळी रोव्हरचे इंजिन अभिमानाने घालणारेच ते काढून मूळचे शोधत फिरतात.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी खरी गाडी १९७३ सालातच थांबली. माझी त्यानंतर चाललीय. न्याय द्यायचाच असेल तर तू तो पुस्तकात दे. मला ह्या गाडीचा जो आवाज ठाऊक आहे, तो रोव्हरचा आहे." मी आणखी बोलणार होतो, पण मला आठवले, की काकू असताना फोनवर नेहमी सांगत: गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की आवाजावरून कळते, आणि चहाचे आधण चढते. मी गप्प बसलो. वस्तूचे मूळ रूप कोणते, हा प्रश्न पुराणवस्तूंच्या जतनात नेहमी येतो. एखाद्या देवळाच्या यादवकालीन गाभाऱ्यापुढे पेशवाईतला सभामंडप असला तर तो पाडून देऊळ 'मूळचे' करावयाचे काय? वर्गात मी याचे उत्तर 'नाही' असे देतो. गॅरेजात मात्र मी सभामंडप पाडावयास निघालो होतो.

रोव्हरचे दुसरे इंजिन एका भंगारातल्या सलूनमधून मिळाले. ते निवडताना काकांनी काय काय पाहिले ते सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडेही जुनी इंजिने अशीच विकत घेतली जातात आणि धुतलेल्या अंगावर माणसे भाळतात. त्यांनी बाहेरून पुसलेल्या इंजिनाकडे पाहिलेच नाही. आधी पान्याने क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहिला. मग तेल कागदावर ओतून त्यातून लोहचुंबक फिरविले. मग वरचे झाकण काढून कॅमशाफ्टची टोके झिजली आहेत का ते बोटाने चाचपले. तेल बदलण्यात आळस झाला की या इंजिनाचा कॅमशाफ्ट आधी झिजतो. तो झिजलेलाच होता, म्हणून किंमत पाडून घेतली आणि घरी आणून नवा कॅमशाफ्ट, नवे टॅपेट, नवी साखळी, बेअरिंगे आणि गॅस्केटे घातली.

मला मिळाले ते प्रायश्चित्ताचे काम: पाण्याचा सारा मार्ग धुणे. रेडिएटरला नवा गाभा बसविला होता, पण गाडीच्या हीटरमध्ये आणि नळ्यांत तोच जुना गाळ होता. बागेच्या नळाने एकदा सुलट, एकदा उलट, असे तीन रविवार मी पाणी सोडत बसलो. पहिल्या दिवशी चहासारखे पाणी आले, दुसऱ्या दिवशी लिंबूसरबतासारखे. काका म्हणाले, "प्यावंसं वाटेल इतकं स्वच्छ आलं की थांब."

इंजिन परत बसविणे हे काढण्यापेक्षा फार कठीण. गिअरबॉक्सची दांडी क्लचच्या मध्यातून दातात दात घालून शिरावी लागते. क्लचची तबकडी मध्यावर धरण्यासाठी काकांनी झाडूच्या दांड्याचा खुंटा तासून केला होता. इंजिन साखळीला टांगलेले, काका गाडीखाली, आणि मी पुढून पान्याने क्रँकशाफ्ट केसभर इकडे, केसभर तिकडे करतो आहे, असे दीड तास चालले. स्टिअरिंगच्या दांड्याजवळून सायलेन्सरचा पाइप जाताना दोन बोटांचीही जागा राहत नाही. तेथे माझी दोन नखे गेली. तेलाच्या पंपात काकांनी व्हॅसलीन ठासून भरले. मला ती थट्टा वाटली. परंतु कोरडा पंप पहिल्या फेऱ्यात तेल ओढू शकत नाही, व्हॅसलीनमुळे तो ओढतो आणि मग ते तेलात विरघळून जाते. ठिणग्यांच्या तारा लावताना काका क्रम पाढ्यासारखा म्हणत होते: एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन. मीही तो पाठ केला. पाणी भरले ते निम्मे अँटिफ्रीझ घालून, गाडीचे तोंड उंच करून, बुडबुडे येणे थांबेपर्यंत.

१ मार्च २०२० रोजी, रविवारी दुपारी, इंजिन सुरू करावयाचे ठरले. इंजिनाचा नंबर बदलला म्हणजे तेथेही नोंदणीच्या कागदात तो कळवावा लागतो, आपल्या आर.सी. बुकात असतो तसाच; ते पत्र काकांनी आधीच लिहून टेबलावर ठेवले होते. नवा कॅमशाफ्ट घातलेले इंजिन सुरू झाल्यावर मंद चालू द्यावयाचे नसते. मिनिटाला दोन हजारांच्या वर फेरे ठेवून वीस मिनिटे सलग चालवावे लागते, नाहीतर कॅम आणि टॅपेट यांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळण्याआधीच खरवडले जातात. मी आत बसलो. तिसऱ्या प्रयत्नाला ते पेटले. तेलाच्या दाबाचा काटा वर आला. गॅरेजाच्या भिंती थरथरू लागल्या आणि शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

काका बॉनेटखाली वाकले होते. नऊ मिनिटे झाली तेव्हा त्यांनी ओरडून विचारले, "काटा काय म्हणतोय?"

"मधोमध आहे," मी म्हणालो. मग ॲक्सिलरेटरवर ठेवण्यासाठी आणलेला लाकडी ठोकळा तेथे अडकविला, बाहेर आलो आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर तळहात टेकला. तो भरलेला होता आणि हात ठेववत नव्हता. खालचा त्याहून थंड लागला.

"पाणी फिरतंय, काका."

काकांनी मान हलविली आणि घड्याळाकडे बोट दाखविले. अजून अकरा मिनिटे बाकी होती.